पानिपतच्या चित्रात बुणगे कोठे आहेत?

आपल्या मंडळाच्या सभागृहात व्यासपीठामागील भिंतीवर पानिपतच्या संग्रामाचे भव्य तैलचित्र लावावे असा ठराव वार्षिक सभेत संमत झाला असून त्यासाठी वर्गणीही जमू लागली आहे. ठरावास आमचा विरोध नव्हता व आजही नाही. पानिपतावर दमाजीराव गायकवाड स्वतः लढले आणि तेथून जिवंत परतले. त्यांच्या राज्याच्या आश्रयाने बडोद्यात रुजलेल्या घराण्यांनी ती आठवण भिंतीवर बाळगावी यात वावगे काहीच नाही. परंतु चित्राचा जो कच्चा आराखडा सभासदांना पाहण्यासाठी कार्यालयात ठेवला आहे, तो पाहिल्यावर गप्प बसणे आम्हांस शक्य झाले नाही.

आराखड्यात मध्यभागी विश्वासराव पांढऱ्या घोड्यावर आहेत. शेजारी भाऊसाहेबांची तलवार उगारलेली आहे. मागे भगवा झेंडा आहे, धुळीचा लोट आहे आणि उजव्या कोपऱ्यात शत्रू पाठ दाखवून पळत आहे. जी लढाई आपण हरलो, तिच्या चित्रात शत्रूला पळताना दाखविणे हे इतिहासाचे अज्ञान म्हणावे की इतिहासाशी केलेली तडजोड, हे ज्याने त्याने ठरवावे. मृत म्हणून चित्रात एकच आकृती आहे आणि पोशाखावरून तीही शत्रूचीच दिसते.

आपली भाषा मात्र अशी खोटे बोललेली नाही. सर्वनाश झाला म्हणजे मराठी माणूस आजही ‘पानिपत झाले’ असे म्हणतो. ‘विश्वास पानिपतात गेला’ हे तर इतिहासाचे पुस्तक कधी न उघडलेल्यांच्या तोंडीही ऐकू येते. बखरकारांनी तो शोक लिहून ठेवला, बायाबापड्यांनी तो बोलीत सांभाळला. २६० वर्षांहून अधिक काळ भाषेने जी जखम उघडी ठेवली, ती आपल्या कुंचल्याने मात्र भरजरी वस्त्राखाली झाकली. दिनदर्शिकांपासून दिवाणखान्यांपर्यंत घोडा दोन पायांवर उभा आहे आणि स्वाराच्या कपाळावर घामाचा थेंबही नाही.

भाऊसाहेबांबरोबर केवळ लढवय्ये गेले नव्हते. उत्तरेची तीर्थे घडतील या आशेने निघालेले यात्रेकरू होते, सरदारांचे कुटुंबकबिले होते, वाणी, बाजारी, चाकर, घोड्यांना वैरण घालणारे होते. लष्करी भाषेत या सर्वांना एकच शब्द होता : बुणगे. छावणीची नाकेबंदी झाल्यावर धान्य आटले, जनावरे मेली आणि पोटाच्या आगीने १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्याला बाहेर पडावे लागले. गोल बांधून लढावयाचे ठरले, त्याचे एक मोठे कारण या निःशस्त्र माणसांना पोटाशी धरून नेणे हे होते. गोल फुटला तेव्हा प्रथम कोण उघडे पडले असेल हे सांगावयास नको. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण त्या छावणीत होता. दुसऱ्या दिवशी कैद्यांची झालेली कत्तल आणि तंबूंपुढे रचलेले शिरांचे ढीग त्याने फारसीत लिहून ठेवले आहेत. सुमारे १७७० साली फैजाबादकडील शैलीत काढलेले पानिपतचे एक मोठे चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. परंतु ते जेत्यांच्या प्रदेशात निर्माण झालेले चित्र आहे. आपल्या बाजूचे, त्या बुणग्यांचे चित्र कोणी काढले?

यावर सभेनंतर एका विद्वान स्नेह्यांनी आम्हांस जे उत्तर दिले ते असे : कला आनंदासाठी असते, प्रेतांचा खच दाखविणे ही कला नव्हे, तो पंचनामा होय. सरकारी नोकरीत ज्यांनी पंचनाम्यांवर सह्या करण्यात उमेदीची वर्षे घालविली, त्यांच्यापुढे हे विधान करावयास नको होते! पंचनामा म्हणजे काय? दोन माणसे जागेवर गेली, त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि पाहिले तेवढेच सांगितले. स्पेनच्या गोयाने नेमके हेच केले. नेपोलियनचे सैन्य १८०८ साली स्पेनमध्ये घुसल्यावर जे घडले त्याची त्याने ताम्रपटांवर एक मालिकाच कोरली. तिच्यातील एका चित्राला त्याने नाव दिले आहे, ‘मी हे पाहिले’. पंचाची सही याहून वेगळी ती काय असते? त्या मालिकेत फ्रेंच शिपाई स्पॅनिश माणसांना झाडाला टांगतात, तसेच स्पॅनिश खेडूत फ्रेंच शिपायावर कुऱ्हाड उगारतात. माद्रिदच्या दुष्काळात रस्त्यावर मरून पडलेली माणसेही तीत आहेत. ही चित्रे गोयाच्या हयातीत प्रकाशात आली नाहीत. तो १८२८ साली वारला आणि संच १८६३ साली निघाला. सत्य पाहण्याची समाजाची तयारी होण्यास एवढा अवधी लागतो, असे समजून आम्ही आपल्या मंडळाविषयी अजून आशा बाळगून आहोत.

त्याच गोयाचे १८१४ सालचे मोठे तैलचित्र, ३ मे १८०८ च्या हत्याकांडाचे, अनेकांनी पुस्तकातून पाहिले असेल. जमिनीवर एक कंदील, त्याच्या उजेडात पांढऱ्या सदऱ्यातला एक सामान्य माणूस हात पसरून उभा, पायाशी आधी पडलेल्यांचे रक्त. गोळ्या झाडणारे शिपाई आपल्याकडे पाठ करून आहेत, त्यांचे चेहरे दिसत नाहीत. आपल्या चित्रकारांनी याच्या नेमके उलट केले आहे. आपल्याकडे मारणाऱ्याला चेहरा असतो, मरणाऱ्याला नसतो.

परंतु आमच्या मते या विषयात आपल्याला सर्वांत जवळचा चित्रकार रशियाचा व्हेरेश्चागिन होय. तो स्वतः सैन्याबरोबर मध्य आशियाच्या मोहिमांत होता. १८७१ साली त्याने वाळवंटात रचलेला माणसांच्या कवट्यांचा मनोरा चितारला : वर कावळे, मागे उद्ध्वस्त शहर आणि वठलेली झाडे, कवट्यांवर तलवारीचे वार. चित्राच्या चौकटीवर त्याने ते चित्र भूत, वर्तमान आणि भविष्यातील सर्व महान विजेत्यांना अर्पण केल्याचे लिहिले. काशीराजाने सांगितलेले शिरांचे ढीग ज्याला डोळ्यांपुढे आणावयाचे असतील त्याने हे चित्र पाहावे. १८७४ साली पीटर्सबर्गच्या प्रदर्शनात त्याच्या चित्रांवर सेनापती कॉफमन रुष्ट झाला. रणात टाकून दिलेला, कावळ्यांच्या हवाली झालेला रशियन शिपाई दाखविणे म्हणजे सैन्याची बदनामी, असा आक्षेप निघाला. व्हेरेश्चागिनने संतापून तीन चित्रे स्वतःच जाळून टाकली. ‘बदनामी’ हा शब्द आमच्या सभेतही उच्चारला गेला, म्हणून हे सांगितले.

हा चित्रकार हिंदुस्थानातही दोनदा येऊन गेला. इंग्रजांनी बंडखोरांना तोफांच्या तोंडी बांधल्याचे त्याचे चित्र सुप्रसिद्ध आहे. १८७२ साली मलेरकोटल्यास नामधारी शिखांना असेच तोफांनी उडविण्यात आले होते. चित्रात ओळीने तोफा आहेत आणि समोर बांधलेला पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध आहे. ‘तोफेच्या तोंडी देणे’ हा वाक्प्रचार आपण कचेरीत, घरात, राजकारणात किती सहज वापरतो! ती शिक्षा आपल्या स्वराज्यातही अपरिचित नव्हती. हे चित्र एकदा पाहिल्यानंतर तो शब्द जिभेवर आला की आम्ही क्षणभर थांबतो. चित्राने भाषेवर बसविलेला हा वचक आहे. पुढे १९०४ साली, रशिया-जपान युद्ध पाहावयास गेलेला हा चित्रकार पोर्ट आर्थरजवळ सुरुंगाने बुडालेल्या युद्धनौकेबरोबर समुद्रात गेला. घरात बसून कल्पनेने प्रेते रंगविणाऱ्यांपैकी तो नव्हता.

आता दुसरा आक्षेप. सभागृहात लहान मुले येतात, स्त्रिया येतात, त्यांच्यापुढे रक्तमांस कशाला? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर जर्मनीच्या केथे कोलविट्झ या चित्रकर्तीने केव्हाच देऊन ठेवले आहे. पहिल्या महायुद्धात तिचा धाकटा मुलगा पेटर वयाच्या १८व्या वर्षी स्वेच्छेने सैन्यात गेला. वडील संमती देत नव्हते. आईनेच रदबदली करून ती मिळवून दिली. ऑक्टोबर १९१४ मध्ये तो बेल्जियममध्ये पडला. त्यानंतर तिने ‘युद्ध’ या नावाने सात काष्ठमुद्रा केल्या. त्यांत रणभूमी नाही, तोफ नाही, रक्ताचा थेंब नाही. आहेत त्या मुलांना मिठीत कवटाळून गोल करून उभ्या राहिलेल्या आया, गुडघ्यांवर कोसळून एकमेकांत चेहरा लपविलेले आईबाप, पोटाशी हात धरलेली विधवा. मुलाच्या दफनभूमीसाठी तिने गुडघे टेकलेल्या मातापित्यांची दोन शिल्पे घडविली. ती १९३२ साली बसविली गेली, म्हणजे एका शोकाला आकार देण्यास तिला १८ वर्षे लागली. आयांचा तो गोल पाहताना आम्हांस पानिपतचा गोल आठवला, हे आम्ही लपवीत नाही.

पिकासोच्या ‘गेर्निका’विषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि आमच्यातील ज्येष्ठांना त्यातला घोडा कोणता व बैल कोणता यावरून वाद घालण्यातच अधिक रस असतो. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन व इटालियन विमानांनी ते गाव उद्ध्वस्त केले. पिकासोने काही आठवड्यांत पावणेआठ मीटर लांबीचे चित्र पुरे केले आणि ते त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात लागले. त्याचे एक विणलेले प्रतिरूप संयुक्त राष्ट्रसंघात सुरक्षा परिषदेच्या सभागृहाबाहेर टांगलेले असे. फेब्रुवारी २००३ मध्ये इराकवरील कारवाईचे समर्थन करावयास अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री तेथे आले, त्या वेळी त्यावर निळा पडदा ओढण्यात आला. युद्धाची भाषा बोलावयाची आणि मागे ते चित्र दिसावयाचे, हे जमणारे नव्हते. आपल्या व्यासपीठामागेही असेच चित्र असावे की ज्याच्यापुढे उभे राहून वाटेल ते बोलता येऊ नये, असे आम्हांस वाटते.

जे अनेकांना सर्वांत रुचणार नाही तेही लिहून टाकतो. जपानमध्ये इरी व तोशी मारुकी या चित्रकार दांपत्याने हिरोशिमाच्या अणुसंहारावर १९५० पासून १९८२ पर्यंत पंधरा भव्य चित्रपट्ट केले. आपल्या माणसांचे दुःख रंगवून ते थांबले नाहीत. हिरोशिमात मेलेल्या अमेरिकन युद्धकैद्यांवर त्यांनी १९७१ साली पट्ट केला, मेल्यावरही उपेक्षित राहिलेल्या कोरियनांवर १९७२ साली केला आणि १९७५ साली जपानी सैन्याने नानकिंगला केलेल्या कत्तलीचेही चित्र काढले. आपल्याकडे? नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ नंतर दहा वर्षे बंगालवर जात राहिल्या. त्या स्वाऱ्यांवर गंगारामाने बंगालीत ‘महाराष्ट्र पुराण’ रचले आणि बंगाली आया आजही अंगाईत ‘बर्गी’ येण्याचे भय घालतात. ज्यांना पानिपतचे बुणगे आठवावयाचे आहेत त्यांना बंगालचे विणकरही आठवावे लागतील. एकाच बाजूचे अश्रू रंगविणारे चित्र हे घोड्यावरच्या चित्राचेच भावंड होय.

हे सारे पाश्चात्त्यांचे व परदेशीयांचे, आपली परंपरा वेगळी, असे म्हणणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे. महाभारतात युद्धानंतर स्त्रीपर्व येते. गांधारी रणभूमीवर येते, गिधाडांच्या गर्दीत विधवा आपापली प्रेते ओळखतात. व्यासांनी अठरा दिवसांच्या पराक्रमाला याच पर्वात जाब विचारला आहे. आपल्या घरोघरी गीतोपदेशाचा रथ आहे. तो रथ युद्धापूर्वीचा, शंख वाजण्याच्या वेळचा. गांधारीचे चित्र कोणाच्या घरात आहे? करुणरस आपल्या शास्त्राने सांगितला, नाटकात आपण त्याच्यावर रडलो, भिंतीवर मात्र त्याला जागा दिली नाही.

आणि ज्यांना आपल्या गावातलेच उदाहरण हवे असेल त्यांनी विश्वामित्रीच्या पुलाजवळील कीर्तिमंदिरात जावे. गायकवाड घराण्याच्या या स्मारकात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगविल्या. गंगावतरण व मीराबाई यांचे कौतुक होते. पण एका भिंतीवर कुरुक्षेत्र आहे आणि त्याचा विषय अर्जुनाचा विजय नसून अभिमन्यूचा वध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या काळात, एका राजघराण्याच्या कीर्तीच्या मंदिरात, या थोर चित्रकाराने चक्रव्यूहात एकट्या सापडलेल्या कोवळ्या मुलाचे मरण निवडले. राजघराण्यानेही ते भिंतीवर राहू दिले. राजांना जे चालले ते आपल्या कार्यकारिणीला चालू नये?

म्हणून आमची सूचना अशी. विश्वासराव व भाऊसाहेब चित्रात अवश्य असावेत; त्यांनी प्राण दिले आहेत. परंतु ते एका बाजूस असावेत. मध्यभागी फुटलेला गोल असावा. त्यात यात्रेकरू असावेत, लेकरू कडेवर घेतलेली स्त्री असावी, उपाशी बैल असावा. पायाने जायबंदी झालेल्या महादजी शिंद्यांना बैलावर घालून वाचविणारा राणेखान भिस्ती असावा, कारण त्या दिवशी जीव घेणारे असंख्य होते, जीव वाचविणारे फार थोडे. पळून येणाऱ्यांना अन्नवस्त्र देणाऱ्या सूरजमल जाटाच्या मुलखाची वाट दूर क्षितिजाशी दिसावी. शत्रूला पळताना मुळीच दाखवू नये.

चित्रकारास अंतिम सूचना देण्यापूर्वी हा मजकूर कार्यकारिणीपुढे ठेवावा, अशी विनंती आम्ही लेखी केली आहे. वर्गणीची यादी कार्यवाहांकडे आहे. तिच्यात आमच्या नावापुढील रकाना आराखडा बदलेपर्यंत कोरा राहील.