'नंतर बघू'मध्ये राहिलेली बाबांची मेल

इंग्लंडला येऊन आम्हाला ११ वर्षं झाली. इथे सकाळी डोळे उघडावेत तर भारतात दुपार व्हायला आलेली असते आणि आपला इनबॉक्स तुडुंब भरलेला असतो. विमान तिकिटांच्या ऑफर्स, कर्जाच्या जाहिराती, एकदा पत्ता दिला म्हणून कायमचं मागे लागलेलं दुकान. त्यात आपल्याच माणसांनी पाठवलेली 'शुभ सकाळ'ची फुलं, घरगुती औषधं आणि 'हे दहा जणांना पाठवा' वेगळंच.

मागच्या वर्षी एका रविवारी मी वैतागून फिल्टर लावला. मेलच्या विषयात 'एफ डब्ल्यू डी' ही अक्षरं असली, म्हणजे ती फॉरवर्ड केलेली असली, की परस्पर 'नंतर बघू' या फोल्डरमध्ये जाणार आणि वर 'वाचलेली' अशी खूणही होणार. इनबॉक्स कसा लख्ख झाला! फार बरं वाटलं.

काही आठवड्यांनी पुण्याला फोन केला तर बाबा जरा तुटकच बोलले. मग आईने हळूच सांगितलं, "अरे, त्यांनी तुला मेल केली होती. तू उत्तरच दिलं नाहीस."

मेल सापडली ती 'नंतर बघू'मध्ये. बाबांना नवी मेल लिहिणं जमत नाही. आलेली मेल फॉरवर्ड करायची आणि वर दोन ओळी टाइप करायच्या, एवढंच ते शिकलेत. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेची नोटीस त्यांनी मला पाठवली होती. वर लिहिलं होतं, 'संमती देऊ का? तू सांगशील तसं करतो.' अशा सभेची नोटीस १४ दिवस आधी निघते. ते १४ दिवस कधीच उलटून गेले होते. बाबा सभेला गेले आणि हात वर न करताच परत आले. "फोन का नाही केलात?" असं विचारलं तर म्हणाले, "तू कामात असशील. आणि मेल तर केलीच होती."

मंडळी, चूक फिल्टरची नव्हती, माझी होती. नको असलेल्या मेलचं दुखणं तसं जुनं आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत अर्पानेटवर एका संगणक कंपनीने सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात पाठवली होती, तेव्हापासून लोक वैतागलेलेच आहेत. आज फिल्टरशिवाय चालणारच नाही. पण फिल्टर शब्द बघतो, पत्ता बघतो, आपण कशाला 'स्पॅम' म्हणतो ते लक्षात ठेवतो. आपलं माणूस कोणतं, हे त्याला आपणच सांगावं लागतं. आपण सगळे नेमकं उलटं करतो. काय फेकायचं ते आधी ठरवतो. काय जपायचं ते आधी ठरवायला हवं.

म्हणून पहिलं काम म्हणजे 'घर' नावाचा फिल्टर. त्यात आई-बाबा, भावंडं, सोसायटीचे सेक्रेटरी, आपले सीए आणि भारतातली बँक यांचे पत्ते घाला. जीमेलमध्ये फिल्टर करताना 'स्पॅममध्ये कधीही पाठवू नका' असा पर्याय असतो, त्यावर टिक करा आणि 'घर' हे लेबल लावा. आउटलुकमध्ये नियम वरून खाली क्रमाने चालतात. तिथे 'घर'चा नियम सगळ्यात वर ठेवा आणि त्यानंतरचे नियम लागू करू नका, असंही सांगून ठेवा.

दुसरं, बाकीची मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून वेगळी करा, शब्दावरून नको. दुकानांसाठी एक फोल्डर, प्रवासासाठी एक. फिल्टरला थेट 'डिलीट' मात्र सांगू नका. फोल्डरमध्ये गेलेली मेल परत मिळते, पुसलेली मिळेलच असं नाही.

तिसरं, आठवड्यातून एकदा, रविवारचा चहा घेताना, स्पॅम आणि इतर फोल्डरवर नजर टाका. जीमेल स्पॅममधली मेल ३० दिवसांनी आपोआप पुसतं. महिनाभर बघितलं नाही तर विषय संपला.

ओळखीच्या दुकानाच्या मेलखाली 'अनसबस्क्राइब' असतं, ते खुशाल वापरा. अमेरिकेत तर २००३ च्या कायद्याप्रमाणे अशी विनंती कामाच्या १० दिवसांत मानावीच लागते. अनोळखी मेलमधल्या कुठल्याही लिंकवर मात्र बोट ठेवू नका. सरळ 'स्पॅम' म्हणा आणि मोकळे व्हा.

एक सावधगिरीही सांगतो. 'परदेशात अडकलोय, पाकीट हरवलं, ताबडतोब पैसे पाठवा' अशी मेल कधीकधी खरोखरच आपल्या माणसाच्या पत्त्यावरून येते, कारण त्याचं खातं दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलेलं असतं. आपला 'घर' फिल्टर तिला मानाने आत घेईल. पैशाचा विषय निघाला की आधी फोन करा, आवाज ऐका, मगच पुढचं. भारतातल्या आई-वडिलांनाही हे सांगून ठेवा, कारण अशी मेल आपल्या नावाने त्यांनाही जाऊ शकते.

आणि हे वाचणाऱ्या भारतातल्या काका-मावशींनो, तुम्हालाही विनंती. कामाची मेल असेल तर विषयात 'घर' किंवा 'तातडीचं' असं लिहा आणि एक मिस्ड कॉल द्या. आम्ही कामात असलो तरी फोन करू. फुलं आणि विनोद जरूर पाठवा, पण ५० जणांना पाठवताना सगळ्यांचे पत्ते 'बीसीसी'त टाका. नाहीतर ते पत्ते फिरत फिरत भलत्याच लोकांच्या हाती लागतात आणि नको असलेल्या मेल आणखी वाढतात.

तो जुना फिल्टर मी त्याच रात्री काढून टाकला. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना नवी मेल लिहायला शिकवलं. तासभर लागला, दोघांचेही आवाज चढले. शेवटी त्यांची मेल आली. विषय होता 'घर', आणि आत एवढंच लिहिलं होतं, 'मिळाली का?'

मी लगेच उत्तर दिलं. तुम्हीही आज आपले फोल्डर एकदा उघडून बघा. तुमची वाट बघणारी एखादी मेल तिथे असू शकते.