ओला दुपट्टा

सौंदडच्या परिसरात धानावर तुडतुडे पडले की पाठीवर पंप अडकवून माणसे बांध्यांत उतरतात. नाकातोंडावर असतो तो ओला दुपट्टा. कुठे विषबाधा झालीच, तर विक्रेत्यापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांचे उत्तर ठरलेले : त्याने मास्क लावला नव्हता. या उत्तराची मला चीड येते.

22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने पाच हजारांहून अधिक नळकांडी उघडून क्लोरीनचा ढग फ्रेंचांच्या खंदकांवर सोडला. त्या खंदकांत अल्जीरियाचे सैनिकही होते. गुदमरविणाऱ्या वायूचे गोळे डागायचे नाहीत, असे वचन 1899 मध्ये हेग येथे दिले गेले होते. आम्ही गोळे डागलेच नाहीत, नळकांडी उघडली, असा बचाव मग पुढे आला. (शब्दांचा कीस पाडणारे सर्व देशांत सापडतात!) चारच दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन त्याच रणभूमीवर चालून गेली. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या याच डिव्हिजनच्या होत्या, आणि त्या दलात मराठी जवान भरती होत. मुखवटे नव्हतेच. कापड पाण्यात, नाहीतर लघवीत भिजवून तोंडाला धरायचे, एवढाच उपाय. जमादार मीर दस्त यांनी त्या दिवशी वायूची बाधा झालेली असतानाही जखमी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूने मात्र त्यांना पुढेही सुखाने जगू दिले नाही.

क्लोरीन पाण्यात विरघळतो, म्हणून ओल्या कापडाचा थोडाफार उपयोग तरी होई. पुढे 1916 मध्ये ब्रिटिश सैन्याने कोळसा आणि रसायने भरलेल्या डब्याचा मुखवटा काढला, तो शिपायांना वाटला आणि चढविण्याची कवायत करून घेतली. ‘मुखवटा ज्याचा त्याने विकत आणावा’ असे कोणी म्हटले नाही. साम्राज्याला शिपाई हवा होता. आपल्याला मजूर हवा असतो तो फवारणीच्या दिवसापुरता.

जर्मनीत 1936 मध्ये गेरहार्ड श्रेडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत असता त्याच्या हाती टाबून हा मज्जासंस्थेवर आघात करणारा युद्धवायू लागला. मोनोक्रोटोफॉस त्याच रासायनिक कुळातले. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशी औषधे कातडीतूनही अंगात भिनतात. फवाऱ्याने भिजलेला दुपट्टा विष अडवत नाही. ते तोंडाशी धरून ठेवतो. त्या वेळीही दोष मृतांच्याच माथी मारणारे कमी नव्हते. वास्तविक 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालील 1971 च्या नियमांत संरक्षक कपड्यांची व श्वसनसाधनांची तरतूद आहे.

कोणी म्हणेल, मास्क दिला तरी मजूर तो काढून ठेवतो. काढतो, हे खरे. आश्विनातल्या उकाड्यात रबराचा मास्क कोणालाही असह्य होईल. खंदकातला शिपाईही त्याला कंटाळत असे, म्हणून तर कवायत होती. फवारणी सकाळच्या गारव्यात ठेवणे आपल्या हाती आहे. पण मग काम लांबते आणि मजुरी वाढते. खरी अडचण तिथे आहे.

माझे म्हणणे एवढेच. जो बाटली विकतो त्याने तिच्यासोबत मास्क आणि हातमोजे दिलेच पाहिजेत. आणि वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या वाड्या-शेते आहेत, त्यांनी ते अंगावर चढल्याखेरीज कोणाच्याही पाठीवर पंप चढवू देऊ नये, एखादा दिवस वाया गेला तरी.