भाटघरचे पाणी कुठवर पोचते?

यूट्यूबवर उतरू पाहणाऱ्या भोर-वेल्ह्याच्या तरुणाला हल्ली दोन उलटसुलट सल्ले मिळतात. एक म्हणतो, एकच विषय धर, तोही जितका बारीक तितका बरा. दुसरा म्हणतो, आपल्या भागात बघणारी माणसेच किती? किल्ले, रेसिपी, राजकारण, सगळे टाकत जा, त्यातले काहीतरी चालेल. पहिला सल्ला मानला असे समजून अनेक जण ‘गड-किल्ले’ निवडतात. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर उशाशी असताना ते साहजिकच आहे. पण राजगडाच्या सुवेळा माचीवर ड्रोन उडवायला दर रविवारी पुण्याहूनही माणसे येतात आणि त्यांच्याकडचा कॅमेरा बहुधा जास्त चांगला असतो. भोरजवळच्या नेकलेस पॉइंटच्या रीलचेही तेच. विषय एकच असला तरी त्यात बाजार भरलेला आहे. म्हणून विषय लहान की मोठा हे मोजत बसण्यापेक्षा ती माहिती मिळाली नाही तर कोणाचे काम अडते, हे पाहून निवड करावी, असे माझे मत आहे.

भोर तालुक्यातले भाटघरचे धरणच घ्या. वेळवंडी नदीवर ब्रिटिश काळात, 1920च्या दशकात पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण सुमारे 23.5 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. नीरा खोऱ्यातली भाटघर, नीरा देवघर, वीर आणि गुंजवणी या चारही धरणांत मिळून 48 टीएमसीच्या आसपास पाणी साठते, म्हणजे जवळपास निम्मे एकट्या भाटघरात. हे पाणी वीरमार्गे डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूरकडे जाते आणि उजव्या कालव्याने खंडाळा, फलटण, माळशिरस, पंढरपूरकडे. आज धरण किती टक्के भरले, विसर्ग किती क्युसेक, कालव्याचे आवर्तन (पाण्याची पाळी) कधी सुटणार, एवढ्याच गोष्टी नेमाने आणि सोप्या भाषेत सांगणारे चॅनेल काढले, तर विषय एका धरणापुरता राहील. त्याचा प्रेक्षक मात्र माळशिरसमधला ऊसवाला असेल, फलटणचा डाळिंबवाला असेल आणि पावसाळ्यात नदीकाठी मोटार ठेवणारा शेतकरीही असेल. भोर तालुक्याची लोकसंख्या पाहून या प्रेक्षकाचा अंदाज बांधणे म्हणूनच चुकीचे ठरते.

यावर पहिली हरकत अशी की पाण्याची बातमी पावसाळ्यापुरती, पुढचे आठ महिने काय दाखवायचे? हरकत वरवरची आहे, कारण खरी ओढाताण पावसाळ्यानंतरच सुरू होते. रब्बीचे आवर्तन, मग उन्हाळी आवर्तन, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचले की वरच संपले, हे सगळे ऑक्टोबर ते मे या काळातले प्रश्न आहेत. उन्हाळ्यात जलाशय आटतो आणि वेळवंड भागातले बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. ते पाहायला गर्दी लोटते. त्याच वेळी धरणाकाठच्या गावांतल्या विहिरी मात्र कोरड्या होत आलेल्या असतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही तक्रार तिथे जुनी आहे. एका धरणाच्या चॅनेलला एवढा मजकूर वर्षभर पुरून उरेल.

दुसरी हरकत वजनदार आहे. अशा चॅनेलला जाहिरातीचे पैसे किती मिळणार? जाहिरातीतला वाटा सुरू होण्यासाठी यूट्यूबने घातलेली 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांच्या पाहण्याची अट ठरलेला प्रेक्षक असलेले चॅनेल गाठू शकते. पण तेवढ्यावर घर चालत नाही, हे मान्यच केले पाहिजे. फरक इतकाच की सगळ्यात हात घालणाऱ्यांपैकीही बहुतेकांचे घर त्यावर चालत नाही, आणि त्यांच्याकडे पुन्हा परत येणारा माणूसही नसतो. ज्याची पाण्याची खबर खरी ठरते, त्याच्याकडून लोक उद्या इंद्रायणी तांदूळही विश्वासाने मागवतील. नेकलेस पॉइंटची रील पाहणाऱ्याला ती कोणी टाकली हेही आठवत नाही.

तिसरी भीती असते ती कोंडले जाण्याची: एकदा धरण घेतले की जन्मभर धरणच. इथे मराठी नियतकालिकांचा इतिहास उपयोगी पडतो. 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते कारखान्याशी जोडलेले पत्र म्हणून. पुढे त्याचे सर्वसाधारण वाचकांचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. पण स्त्रियांसाठी लिहायचे ठरल्यावर शंकरराव किर्लोस्करांनी त्याच मासिकात चार पाने वाढवून भागवले नाही. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’ ही वेगळी मासिके काढली. वाचक बदलला तसे पत्र वेगळे केले. ‘सकाळ’ समूहाने 2005 मध्ये शेतीचे ‘ॲग्रोवन’ स्वतंत्र दैनिक म्हणून काढले. यूट्यूबवरच्या ‘भाडिपा’नेही ‘विषय खोल’ हे चॅनेल वेगळे चालवले. तेव्हा भाटघरच्या चॅनेलवाल्याला वर्षभराने किल्ल्यांचा मोह झालाच, तर त्याने दुसरे चॅनेल खुशाल काढावे. पहिल्यावर मात्र सकाळी सातला पाण्याचा आकडाच यावा, कारण माळशिरसमधला माणूस तेवढ्यासाठीच ते उघडणार आहे.