विश्लेषण : सातपुड्याची होळी कलामहोत्सव ठरते का?

मुंबईतील काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून शहराच्या एका भागाचे कलादालन करतो. नंदुरबार जिल्ह्यात खापरपासून मोलगी-धडगावपर्यंत होळीच्या दिवसांत अख्खा डोंगर नाचतो. मात्र या दोन्ही उत्सवांना एकच माप लावता येत नाही.

काठीच्या होळीचे वेगळेपण काय?

खापरच्याच अक्कलकुवा तालुक्यातील काठी संस्थानची ‘राजवाडी होळी’ १२४६ पासून सुरू असल्याचे सांगितले जाते. उंच बांबू उभारून रात्रभर नाच चालतो. होळी पेटते ती पहाटे. गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी असतात. त्यामुळे ढोल आणि नाचणारे एका होळीवरून दुसऱ्या होळीला जातात.

नाचणारे कलाकार की व्रतस्थ?

बावा, बुध्या ही सोंगे नवसाची असतात. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. सोंग घेणारा काही दिवस ‘पाळणी’ पाळतो. तो खाटेवर झोपत नाही, चपला घालत नाही. नाच हा त्या व्रताचाच भाग आहे.

मग प्रश्न कुठे?

हाच वेश शहरातील मंचावर सादर होतो, तेव्हा व्रत मागे राहते. गुजरातच्या गरब्याला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. या यादीसाठी संबंधित समाजाची पूर्वसंमती आवश्यक असते. सातपुड्याच्या होळीकडे पर्यटक वळवतानाही हीच अट पाळायला हवी. काय दाखवायचे आणि काय राखायचे, हे पाळणी पाळणाऱ्यांनीच ठरवावे.