एक प्रत सोबत जोडावी

चिकपेट म्हणजे धाकटी पेठ. थोरल्या पेठेने, दोड्डपेटेने, आपले नाव केव्हाच टाकून अव्हेन्यू रोड हे साहेबी नाव घेतले; धाकटीने मात्र ते अजून सोडलेले नाही. शहाजीराजांच्या जहागिरीच्या या गावी बदली होऊन आलेल्या मराठी माणसास बंगळुराचा दुसरा कोणता भाग आपला वाटो न वाटो, ही पेठ वाटते. तेच अरुंद बोळ, तीच कापडाच्या गठ्ठ्यांची ये-जा, तोच घासाघिशीचा गलबला. गेल्या महिन्यात घरची मंडळी एका दुकानात रेशमी साड्या उलगडून घेण्यात गुंतली असता मी बाहेर येऊन एका गाडीवाल्याकडून भाजलेल्या शेंगा घेतल्या. शेंगा संपल्या, पुडी उलगडली, आणि आतून एक बाई माझ्याकडे पाहू लागली.

तिच्या आधार कार्डाची ती झेरॉक्स होती. छायाचित्र, नाव, पतीचे नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता, बाराच्या बारा आकडे. आणि खाली तिची वळणदार सही. सही होती, पण तारीख नव्हती. ही प्रत कोणास दिली, कशासाठी दिली, याचा एक शब्द नव्हता. गाडीवाल्यास विचारले तर तो म्हणाला, रद्दी किलोवर येते, सार. आम्ही वाचतो थोडीच! त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. ज्याने ती प्रत मागून घेतली आणि काम होताच रद्दीत लोटली, त्याचे चुकले. आणि तो कोण असेल याचा विचार करू लागलो तेव्हा मला माझ्या स्वतःच्या टेबलावरील फायली आठवल्या.

ही हकीकत मी आमच्या मंडळात सांगितली. तेथे बहुतेक सगळे माझ्यासारखेच सरकारी, निमसरकारी, बँकेतले. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "अहो, त्यात एवढे काय? ज्याने काही लपवण्यासारखे केले नाही, त्याला कसली भीती?" हा युक्तिवाद इतक्या वेळा, इतक्या प्रतिष्ठित तोंडांतून ऐकू येतो की त्याचा समाचार घेणे अवश्य आहे. प्रश्न ती बाई काय लपविते हा नाहीच. तिच्या नावाने दुसरे कोण उभे राहू शकते, हा आहे. त्या कागदावर कोणी मोबाइलचे सिमकार्ड घेतले, त्या सिमकार्डावर कोणी खाते उघडले, त्या खात्यातून कोणाची फसवणूक केली, तर पोलीस प्रथम येतील ते त्या कागदावरच्या पत्त्यावर. निष्पापपणा हे अशा वेळी कवच नसते. उलट निष्पाप माणसाचेच नाव तोतयाला हवे असते, कारण त्यावर डाग नसतो.

तोतया हा शब्द मी मुद्दामच वापरतो. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले, आणि काही वर्षांतच एक मनुष्य "मीच भाऊ" म्हणून पुढे आला. त्याला धरले, त्याची चौकशी झाली, रत्नागिरीस कैदेत ठेवले. तरी १७७६ मध्ये तो तेथून निघून मोठी फौज जमवू शकला, आणि त्याच साली त्याला पुण्यात देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या नाटकामुळे ते प्रकरण मराठी घराघरांत पोहोचले. पण त्या तोतयाची अडचण लक्षात घ्या. त्याला भाऊसाहेबांसारखे दिसावे लागे, बोलावे लागे. त्यांना पाहिलेली माणसे जिवंत होती आणि त्यांच्यासमोर उभे राहणे त्याला चुकवता येत नव्हते. आजच्या तोतयाला हा त्रास नाही. त्याला कोणासारखे दिसावे लागत नाही. त्याला पुरतो एक कागद, आणि तो कागद आपण त्याच्यासाठी छापून ठेवतो.

आता सरकारचे काय म्हणणे आहे ते पाहू, कारण त्या कथेचा नाट्यप्रवेश याच शहरात झाला. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर येथील प्रादेशिक कार्यालयाने एक सूचना काढली. आपल्या आधारची झेरॉक्स कोणत्याही संस्थेस देऊ नये, तिचा दुरुपयोग होऊ शकतो. त्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसतील अशी झाकलेली प्रत द्यावी. हॉटेले आणि चित्रपटगृहे यांसारख्या परवाना नसलेल्या खाजगी संस्थांना अशा प्रती घेण्याचा वा ठेवण्याचा अधिकार नाही. इतके स्वच्छ, इतके सरळ सरकारी गद्य मी नोकरीच्या सबंध काळात क्वचितच वाचले आहे. दोनच दिवसांनी, २९ मे रोजी, ती सूचना मागे घेण्यात आली. कारण? तिचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता! नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी, एवढेच शिल्लक राहिले. मी विचारतो, त्या सूचनेतील कोणते वाक्य खोटे होते? एकही नव्हते. ती खोटी होती म्हणून मागे घेतली नाही. ती खरी मानली असती तर देशातील निम्म्या कार्यालयांच्या फायली आक्षेपार्ह ठरल्या असत्या, म्हणून घेतली, असे माझे मत आहे.

"सावधगिरी बाळगावी" या उपदेशाची किंमत किती, हे पुढच्याच वर्षी याच राज्यात दिसले. २०२३ साली कर्नाटकात अनेकांच्या बँकखात्यांतून, त्यांच्या बोटांच्या ठशांवर, त्यांच्या नकळत पैसे काढले गेल्याच्या तक्रारी आल्या. त्यांनी कोणास गुप्त आकडा सांगितला नव्हता, कोणत्या लबाड दूरध्वनीस उत्तर दिले नव्हते. त्यांच्यापैकी पुष्कळांनी एवढेच केले होते की घर किंवा जमीन घेताना कायद्याने सांगितले तसे नोंदणी कार्यालयात जाऊन अंगठा उठविला होता. त्या दस्तांवरून ठसे उचलले गेल्याचा संशय पुढे आला. येथे सावधगिरी कोणी बाळगायची होती? अंगठा देणाऱ्याने की घेणाऱ्याने? सिमकार्ड बदलता येते, खाते बंद करता येते, फार तर घरही बदलता येईल. अंगठा कोठून बदलावा?

कायदा नाही असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६क (इंग्रजीतील सी) कलमाखाली दुसऱ्याची ओळख चोरणारास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हा झाला चोराचा विचार. चोराच्या हाती किल्ली देणाऱ्याचे काय? त्याकरिता २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम निघायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि मुख्य कलमे लागू होण्यास पुढे आणखी अठरा महिन्यांची सवलत देण्यात आली. त्यात दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे. आकडा भारदस्त आहे खरा. पण तो दंड जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याची ओळख लुटली गेली त्याला नुकसानभरपाई मागण्याची जी वाट जुन्या कायद्याच्या ४३अ कलमात होती, ती याच नव्या कायद्याने काढून टाकावयाची ठरविली आहे. शिवाय सरकारी खात्यांना सूट देण्याची सोयही त्यात आहेच. म्हणजे आपल्याला!

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले, याच शहराचे रहिवासी. २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, त्यांनी ही याचिका केली. २०२४ मध्ये ते वारले. एका वृद्ध गृहस्थाने बारा आकड्यांविरुद्ध दिल्लीपर्यंत जावे, आणि आम्ही पन्नाशीतल्या अधिकाऱ्यांनी एका छापील वाक्याविरुद्ध लेखणी उचलू नये, याची मला खरोखर शरम वाटते.

कारण दोष अखेर त्या वाक्याचा आहे, आणि ते वाक्य आपले आहे: "एक प्रत सोबत जोडावी." पूर्वी राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागे, लोक आपल्या दारात ताटकळत. ती जाचक प्रथा गेली, स्वतःच साक्षांकन करण्याची मुभा मिळाली, हे उत्तमच झाले. परंतु प्रत मागण्याची खोड गेली नाही. पडताळणे आणि साठवणे या दोन अगदी निराळ्या क्रिया आहेत. कागद डोळ्यांनी पाहावा, जरूर तर त्यावरील संकेतचित्र यंत्राने वाचावे, आणि परत करावा, एवढ्याने पहिली पुरी होते. दुसरीचा उपयोग एकच: उद्या चौकशी झाली तर "कागद फायलीत आहे" म्हणता यावे. आपल्या अंगावर काही येऊ नये म्हणून आपण परक्याचे नाव-गाव-अंगठा रद्दीच्या वाटेला लावतो. बदलीच्या नोकरीत दर तीन वर्षांनी घर, गॅस, शाळा, बँक यांच्यासाठी आपणही गावोगाव आपल्या प्रती वाटत आलो आहो. माझ्या स्वतःच्या किती प्रती किती गावांत कोणत्या पुड्यांना लागल्या असतील, ते देवच जाणे.

तोवर आपण काय करावे, असे कोणी विचारील. झाकलेली प्रत द्यावी, तीवर कोणास, कशासाठी, कोणत्या तारखेस हे आडवे लिहावे, ठशांना प्राधिकरणाच्या सोयीने कुलूप घालावे, फसवणूक होताच १९३० वर कळवावे. मी हे सर्व करतो. पण त्या पुडीतल्या बाईला हे कोण सांगणार, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाने "पुरी प्रत आणा" म्हटले तर ती काय बोलणार?

चिकपेटेहून परतल्यावर माझ्या कार्यालयातील एका अर्जाच्या नमुन्यातून ते वाक्य मी खोडले. हेडक्लार्क चांगला माणूस आहे, तीस वर्षांचा अनुभव आहे. त्याने विचारले, "सार, मग फायलीत काय लावायचे?" मी म्हटले, "मूळ कागद पाहिला असा शेरा, खाली तारीख आणि तुमची सही."

"माझी सही?" तो म्हणाला. नमुना अद्याप त्याच्या टेबलावर आहे.