घंटा वाजेल, पण उठणार कोण?



म्हातारा जेवून उठला की पुन्हा जेवायला मागतो, दहा वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाला हाका मारतो, मध्यरात्री कडी काढून जागलीला निघतो. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण हसून सोडून देतो. हा चळ नव्हे, मेंदूचा आजार आहे. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक माणसांना तो आहे. देशात सुमारे ८८ लाख. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायांत जास्त.

अशा माणसांना घरीच सांभाळता यावे म्हणून पाळतीची यंत्रे बाजारात आली आहेत. दार उघडले की वाजणारी घंटा, अंथरुणातून उठल्याची खबर देणारी चटई, हातात बांधायचे आणि माणूस कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारे घड्याळ, भिंतीवरचा कॅमेरा. यावर शहरातले विद्वान नाक मुरडतात. म्हणे हे पाश्चात्यांचे खूळ, आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे!

एकत्र कुटुंब म्हणजे कोण, हे एकदा स्पष्ट बोलू या. एकत्र कुटुंब म्हणजे घरातली सून. पहाटे भाकरी, दिवसभर वेचणी, आणि रात्री तीनदा उठून सासऱ्याला दारातून परत आणायचे, ओले धोतर बदलायचे. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांचा दिवसाला २९९ मिनिटे वेळ त्यात जातो असे निघाले, पुरुषांचा ९७. घरच्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत बाया १३४ मिनिटे, पुरुष ७६. कृषिमूल्य आयोग कापसाचा खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी निदान कागदावर तरी धरतो. या रात्रपाळीची मजुरी कोणत्याच कागदावर नाही. सरकार आपल्याला फुकट राबवते म्हणून आपण रस्त्यावर बसलो. चांदवडला १९८६ साली बायांच्या कष्टांचा हिशेब मांडला. तो हिशेब घरच्या चुलीपाशी मांडायची वेळ आली की आपली जीभ का अडखळते?

म्हणून यंत्राला आमचा विरोध नाही. बियाण्यात तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे म्हणून २०१९ साली अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेले एचटीबीटी उघडपणे पेरले. घरात यंत्र आणताना मात्र आपण सोवळे पाळायचे, हे होणार नाही. दाराच्या घंटेने एका बाईला रात्री चार तास सलग झोप मिळत असेल तर ती घंटा आजच लावा.

पण घंटेचा आवाज कोणाला ऐकू जातो ते आधी ठरवा. मुलगा पुण्यात, बायको आणि बाप गावी. तो माजघरात कॅमेरा लावून जातो आणि दुपारी फोन करतो, 'बाबा उन्हात बसलेत, तू कुठे आहेस?' ती पऱ्हाटीत आहे, दुसरी कुठे असणार! बापाच्या नावाने लावलेली पाळत सुनेवर चालते. असला कॅमेरा काढून फेकलेलाच बरा. आणि बापालाही विचारा. आजाराच्या सुरुवातीला माणसाला पुष्कळ कळत असते. जन्मभर ज्याने पिकाची जागल केली, त्याच्यावर जागल ठेवायची तर त्याचे बोलणे शुद्धीत असतानाच ऐकून घ्यायला नको का?

विक्रेते सांगतील, महागडा संच घ्या. त्यांना इंग्लंडचे उदाहरण द्या. तिथे ४९५ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल छापून आला. निम्म्यांना गरज तपासून यंत्रांचा पूर्ण संच दिला, निम्म्यांना साधी मोजकी उपकरणे. दोन वर्षे पाहिले. पूर्ण संचवाले घरी जास्त काळ राहू शकले नाहीत, सांभाळणाऱ्यांचा भारही कमी झाला नाही. आमच्या मते याचा अर्थ सरळ आहे. यंत्र खबर देते. धोतर बदलत नाही. आणि खबर द्यायला काही शे रुपयांची, सेलवर चालणारी घंटा पुरते. घड्याळाला सिमकार्ड लागते, एक-दोन दिवसांनी चार्जिंग लागते, आणि नाल्यापलीकडे रेंज गेली की ते मुके.

शिवाय आपली घरे फ्लॅट नव्हेत. मागचे दार गोठ्यात उघडते, गोठा शेतात, आणि शेतात बिनकठड्याची विहीर. म्हातारा कुठे आहे हे मोबाईलवर दिसेपर्यंत विहीर थांबत नाही. आधी कठडा बांधा. फवारणीच्या औषधाचा डबा घरातून काढून कुलपात ठेवा. खोकल्याचे औषध आणि मोनोक्रोटोफॉस यांतला फरक विसरलेल्या माणसाला सांगता येत नाही. मग घंटा.

पुढाऱ्यांना या दुखण्याचा वास लागला की योजना निघेल, टेंडर निघेल, आणि तालुक्याच्या गोदामात घड्याळे धूळ खात पडतील. अनुदानाची घड्याळे आम्हाला नकोत. कापसाला आणि ज्वारीला भाव द्या, घंटाही घेऊ आणि रात्री बसायला मजुरीने माणूसही ठेवू. तोवर भावाभावांनी रात्री वाटून घ्याव्यात. वाटणीत बांध मोजता येतो, तर रात्रीही मोजता येतील.

जिल्हा बैठकीला येताना वहीत लिहून आणा: गावात रात्री दार उघडून निघणारी म्हातारी माणसे किती, त्यांच्यामागे कोण उठते, वस्तीजवळ उघड्या विहिरी किती. ठराव त्यावरून लिहू. आकडे मायबहिणींना विचारूनच लिहा. तुम्ही तेव्हा झोपलेले होतात.