कर्ज फिटले, डाग कधी पुसणार?

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब होतो. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. त्याला सोडवणे ही समाजाची जबाबदारी मानली आहे. पण वरवट बकालसारख्या गावात एखाद्याने क्रेडिट कार्डची थकबाकी पोटाला चिमटा काढून फेडली, तरी जुनी नोंद सिबिल अहवालात वर्षानुवर्षे राहते. त्याने आधी निल दाखला घ्यावा. पूर्ण रक्कम भरली असेल, तर नोंद 'सेटल्ड' नव्हे, 'क्लोज्ड' हवी. तक्रारीनंतर 30 दिवसांत चूक दुरुस्त झाली नाही, तर रोज 100 रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग मुदत ठेवीवरचे छोटे कार्ड घेऊन बिल वेळेवर भरावे. फेडणाऱ्याने शब्द पाळला. बँकेनेही दार उघडावे.